लेखी काही मिळणार नाही

चेरीताल, जबलपूर
१२ जानेवारी २०२५

ती. भय्याकाका,

साष्टांग नमस्कार घालायला घरात जमीन शिल्लक नाही, सगळीकडे शाळांचे फॉर्म पसरलेत. तेव्हा उभ्यानेच नमस्कार.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन लावायला तुम्ही तयार नाही, म्हणून आजच्या काळात काकाला पत्र लिहिणारी मी जबलपुरातली बहुधा शेवटची पुतणी असेन. पोस्टातल्या बाई मला आता नावानं हाक मारतात. असो. समिधाच्या शाळेचं काय झालं, असं तुम्ही विचारलं होतं. ऐका, म्हणजे वाचा.

डिसेंबरात ती सहा वर्षांची झाली. यंदा पहिलीत जायला हवी. तिला ऑटिझम आहे हे तुम्हाला माहीत आहे, जरी तुम्ही दर पत्रात 'तिचा तो शांत स्वभाव' असं लिहिता. ती थोडं बोलते, पुष्कळ समजते, मोठा आवाज झाला की कान झाकते, आणि अनोळखी माणसानं गालाला हात लावला तर तो हात बाजूला करते. या शेवटच्या बाबतीत तर मला ती चारचौघांपेक्षा शहाणी वाटते. तिच्या प्लेस्कूलच्या पूर्णिमा दीदींनी लिहून दिलंय की मुलगी वर्गात बसते, शिकते, थोडी मदत लागते. पण प्लेस्कूल मार्चमध्ये संपतं.

आतापर्यंत चार शाळा झाल्या. पहिल्या शाळेत सीटा भरल्या होत्या. मी म्हटलं, फॉर्म तर आजपासून मिळायला लागलेत ना? काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "हाँ, पर भर गई हैं।" दुसरीनं आमच्या मुलीच्या भल्यासाठी नकार दिला. तिसरीत प्रिन्सिपल बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी डोळे टिपत आम्हाला गेटपर्यंत पोचवलं आणि मग गेट लावून घेतलं.

चौथी म्हणजे शुभ्रांकुर ग्लोबल स्कूल. आमच्या घरापासून चालत सात मिनिटं, म्हणून माझा सगळा जीव तिच्यात. समिधाला ऑटोचा हॉर्न सहन होत नाही, त्यामुळे चालत जाता येईल अशी शाळा हीच. यांच्या भिंतीवर सात रंगांत रंगवलंय की इथे प्रत्येक मूल खास आहे. मी काउंटरवर सांगितलं, आमच्या मुलीला ऑटिझम आहे. ती पोरगी भिंतीकडे बघून म्हणाली, "मैम, वैसे वाले नहीं।" बरं, हे लिहून द्या म्हटलं, तर ती हसली. चारही शाळांत हे एक मात्र सारखं आहे. लेखी काही मिळत नाही. नकार तोंडी, आणि वर चहा विचारतात.

सौमित्र खमरियाच्या फॅक्टरीतून ड्यूटी संपवून येतो आणि म्हणतो, "जाऊ दे न, काहून डोकं फोडून राहिली?" सासूबाईंचं वेगळंच. म्हणतात, "बोलणाऱ्या पोरी तरी कोणते दिवे लावून राहिल्या?" घरात त्यांचाच काय तो मला आधार वाटतो.

तुमचे अर्ध्या शहरात विद्यार्थी आहेत, ठाऊक आहे. कोणालाही चिठ्ठी लिहू नका. माझ्या मुलीला मला पुढच्या दारानं आत न्यायचंय.

तुमची,
विनता


नागपूर
२१ जानेवारी २०२५

चि. विनता,

आशीर्वाद. ते फुकट असल्यामुळे अनेक.

तुझं पत्र वाचून मोठ्यानं हसलो. योगेश दारातून काहीतरी म्हणाला, मी 'हो' म्हटलं. मुलाच्या बहुतेक प्रश्नांना ते चालतं. मशीन कशाला हवं?

आता दोन शब्द ऐक. तू काउंटरवर जातेस आणि पहिल्याच वाक्यात आजाराचं नाव घेतेस. अगं, मुलगी बघायला आलेल्या लोकांना कोणी दारातच तिचा टायफॉइड सांगतं का? मी चोवीस वर्षं जबलपुरात हेडमास्तर होतो. शाळेनं विचारलं तेवढंच सांगावं, आणि विचारलं तरी अर्धंच सांगावं. ते पन्नास टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट तू मेडिकल बोर्डाकडून आणलंस ना, ते कपाटाच्या सगळ्यांत खालच्या खणात ठेव. वर हिवाळ्यातली ब्लँकेटं ठेव.

तुझे वडील साडेचार वर्षांपर्यंत एक अक्षर बोलले नव्हते. पुढे इतके बोलले की आम्हाला त्या साडेचार वर्षांची आठवण यायची. आणि हे जे नवीन शास्त्र निघालंय, त्यात आमचा अर्धा स्टाफ बसला असता. चिंतामणी गुरुजी तीस वर्षं वर्गातल्या एकाच फरशीवर उभे राहून शिकवायचे. ती फरशी उखडली तेव्हा आठ दिवस रजेवर गेले. त्यांना कोणी पन्नास टक्के दिले नाहीत, उलट आदर्श शिक्षकाची शाल दिली.

तुझ्या त्या शुभ्रांकुरचा डायरेक्टर चिराग माझाच विद्यार्थी. वडिलांचं ओमतीत सायकलींचं दुकान होतं. अक्षर वळणदार, गणित भयंकर. दर गुरुपौर्णिमेला अजून मला स्वतःच्या हातानं पत्र लिहितो, कारण माझ्याशी दुसऱ्या कोणत्या मार्गानं बोलता येत नाही. पण तू नको म्हणतेस तर मी काही करणार नाही. माझं त्या शहरात काय चालतं, हे दाखवायची मला हौस नाही.

पोरीला माझा पापा दे. म्हणजे ती देऊ देईल तर.

तुझा,
भय्याकाका


चेरीताल
१३ फेब्रुवारी २०२५

ती. भय्याकाका,

आज बसून लिहिते आहे. झाली! समिधाची शुभ्रांकुरमध्ये पहिलीत ॲडमिशन झाली!

मंगळवारी त्यांचाच फोन आला. मला वाटलं, दुसरी कोणी विनता असेल. बुधवारी 'इंटरॅक्शन'ला गेलो. मुलाखत म्हणायचं नाही, मुलांवर ताण येतो. ताण आईबापांवर आलेला चालतो. सौमित्रनं लग्नातला कोट घातला होता, तो आता पुढून बंद होत नाही. आम्ही 'ए फॉर ॲपल'पासून देशाच्या राजधानीपर्यंत सगळी तयारी केलेली. माझी आणि सौमित्रची, समिधाची नव्हे.

आणि काय सांगू, कोणी काही विचारलंच नाही. स्वतः डायरेक्टर चिरागजी आले. समिधा खुर्चीवर पाय घेऊन चित्रांचं पुस्तक बघत बसली होती. त्यांनी तिला नाव विचारलं, तिनं पान उलटलं. ते हसून म्हणाले, "शर्मीली है। कोई बात नहीं, हमारे यहाँ खुल जाएगी।" पाच मिनिटांत सही. मी बाहेर येऊन गेटसमोरच्या उसाच्या रसवाल्याला उगाचच नमस्कार केला.

मी फार वाईट बोलले होते त्यांना. जानेवारीत मी काउंटरवर सगळं स्वच्छ सांगितलं होतं, तेव्हा ते वरपर्यंत गेलं असणार, आणि वरच्या माणसानं विचार केला असणार. माझ्यासारखीला जगात चांगली माणसं दिसायची बंद झालीत, हेच खरं. भिंतीवरचं वाक्य जाता-जाता परत वाचलं. रंग जरा भडक आहेत, पण ठीक आहे.

सोमवारी कागदांची फाइल द्यायची. जन्मदाखला, फोटो, पूर्णिमा दीदींचं पत्र आणि मेडिकल बोर्डाचं सर्टिफिकेट. ते सर्टिफिकेट मी सगळ्यांत वर लावणार आहे. तुमच्या ब्लँकेटांची गरज पडली नाही, बघा.

तुमची,
विनता


नागपूर
१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार

चि. विनता,

तुझं पत्र आत्ता मिळालं. सर्टिफिकेट फाइलीत लावू नकोस. एक सत्र जाऊ दे. का, ते मागाहून लिहितो. स्पीड पोस्टानं पाठवतो आहे.

भय्याकाका


चेरीताल
३ मार्च २०२५

ती. भय्याकाका,

तुमचं स्पीड पोस्ट वीस तारखेला आलं. फाइल मी सतरालाच दिली होती. तुम्ही एवढे अनुभवी, तुम्हाला बरोबर वास आला. मला आला नाही.

अठरा तारखेला बोलावणं आलं. तेच ऑफिस, तोच सोफा, चहा मात्र नाही. चिरागजींनी सर्टिफिकेट माझ्यासमोर टेबलावर असं ठेवलं, जसं मी त्यांच्या शाळेतून काही चोरताना सापडले. "आपने छुपाया।" मी म्हटलं, मी छुपाया? मी तर सगळ्यांत वर लावून दिलं! ते म्हणाले, "पहले क्यों नहीं बताया? हमें तो लिखकर दिया गया था कि बच्ची बिल्कुल नॉर्मल है, सिर्फ शर्मीली है।" कोणी लिहून दिलं, विचारलं. "घर के ही किसी बड़े ने।" आणि ॲडमिशन रद्द.

समिधा तेव्हा माझ्याजवळच होती. तिला काही कळत नाही असं समजून ते सगळे तिच्या डोक्यावरून बोलत होते. तिनं माझा हात धरून दाराकडे ओढलं. तिला बरोबर कळलं होतं.

काका, घरातलं 'मोठं' म्हणजे कोण? सासूबाईंना लिहिता येतं, पण त्या किराण्याची यादीसुद्धा तोंडी सांगतात. मग उरला सौमित्र. त्याला पहिल्यापासून ते सर्टिफिकेट नकोच होतं. मी त्याला विचारलं. विचारलं म्हणजे काय, सरळ आरोपच केला, सासूबाईंच्या समोर. त्यानं फक्त एवढं म्हटलं, "तुला असं वाटून राहिलं तर वाटू दे." तेव्हापासून तो फॅक्टरीच्या कॅन्टीनमध्ये जेवून येतो. बारा दिवस झाले.

मी जिल्हा शिक्षण कार्यालयात गेले. तिथल्या मॅडम भल्या आहेत. म्हणाल्या, कायदा तुमच्या बाजूनं आहे, मान्यताप्राप्त शाळेला दिव्यांग म्हणून मुलाला नाकारता येत नाही. पण शाळा म्हणते आहे की अशी कोणती ॲडमिशनच झाली नव्हती, फॉर्म अपुरा होता. "आपके पास उनका लिखा हुआ कुछ है? एक लाइन भी?" एक ओळसुद्धा नाही, काका. चार शाळा, सात चकरा, आणि माझ्याकडे कागद म्हणून फक्त त्यांचं रंगीत माहितीपत्रक आहे.

यंदा पहिली चुकली की पुढच्या वर्षी हेच लोक म्हणतील, वय जास्त झालं. मला भीती वाटते आहे. सरळ लिहिते, कारण तुमच्याखेरीज कोणाला लिहू?

तुम्ही 'मागाहून लिहितो' म्हणाला होतात. लिहा.

विनता


चेरीताल
४ एप्रिल २०२५

ती. भय्याकाका,

महिना झाला, तुमचं अक्षर नाही. योगेशदादाला फोन केला, तो म्हणाला तब्येत ठणठणीत आहे, रोज दोन वेळा टपाल बघतात आणि नाराज होऊन बसतात. टपाल तर माझंच पडलं आहे तुमच्याकडे.

परवापासून सगळ्या शाळांचं नवं सत्र सुरू झालं. समिधाचं प्लेस्कूल संपलं, पण ते तिला कोण सांगणार? ती रोज सकाळी दप्तर लावते, बूट स्वतः घालते, उलटे का होईना, आणि जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसते. खालून शुभ्रांकुरची पोरं रांगेनं जातात. साडेनऊपर्यंत वाट बघते, मग वर येऊन बूट काढते आणि जागच्या जागी ठेवते. रडत नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

कुठल्यातरी दिवशी ती दप्तर लावायचं सोडून देईल. त्या दिवसाची मला धास्ती आहे.

विनता


नागपूर
१० एप्रिल २०२५

चि. विनता,

ते पत्र मी लिहिलं.

हे एक वाक्य लिहायला मला सात आठवडे लागले. चोवीस वर्षं पोरांना 'मुद्द्याचं लिहा' म्हणून पट्ट्या मारल्या, त्याचा हा परिणाम.

तू नको म्हणाली होतीस, म्हणून मी लगेच बसून चिरागला लिहिलं. नाव तुझं घातलं, काम माझं सांगितलं, आणि वर ठोकून दिलं की मुलगी पूर्णपणे नॉर्मल आहे, फक्त लाजाळू. मला वाटलं, एकदा आत गेली की कोण बाहेर काढतो? तुझं आनंदाचं पत्र आलं तेव्हा पाच मिनिटं मी फार मोठा माणूस होतो. मग फाइलीचं वाचलं. योगेशला सांगून फोन करवला असता तर त्याच दिवशी तुला थांबवता आलं असतं. पण मग योगेशला कारण सांगावं लागलं असतं. म्हणून स्पीड पोस्ट. माझी लाज पोस्टाच्या वेगानं चालते.

सौमित्रला तू दोष दिलास आणि मी तो महिनाभर देऊ दिला. यावर मला विनोद सुचत नाही.

आता खरं काम. सोबत एक कागद आहे. तो मला २५ फेब्रुवारीला आला. तुझं ३ मार्चचं पत्र यायच्या आधीपासून तो माझ्या खणात आहे. ब्लँकेटांच्या खाली, हो. चिरागनं स्वतः लिहिलाय, शाळेच्या लेटरहेडवर, खाली सही. मजकूर असा:

"आदरणीय गुरुजी, चरण स्पर्श। आपकी आज्ञा का पालन न कर सका, क्षमा चाहता हूँ। बच्ची ऑटिस्टिक निकली। ऐसे बच्चों को हम नहीं लेते, दूसरे पैरेंट्स आपत्ति करते हैं। एडमिशन हो गया था, पर कैंसिल करना पड़ा। आप पहले बता देते तो आपको यह कष्ट न होता। आपका शिष्य, चिराग।"

ज्या माणसानं तुला एक ओळ दिली नाही, त्यानं मला सहा दिल्या. का, ते तुला कळलंच असेल. गुरुजींना उत्तर देणं भाग, गुरुजींना फोन ऐकू येत नाही, आणि गुरुजींना टाइप केलेलं पत्र पाठवणं त्याला अपमानाचं वाटतं. एवढी एक गोष्ट मी त्याला नीट शिकवली होती, आणि तीच आता मी त्याच्यावर उलटवतो आहे. म्हणून हा कागद माझ्याजवळ पडून राहिला. पोराचा विश्वासघात आणि माझी फजिती, दोन्ही एकाच पाकिटात जाणार होते.

आणखी एक सांगतो, म्हणजे खण पूर्ण रिकामा होईल. लेखी नकार द्यायचा नाही, ही हुशारी चिरागची नव्हे. मीही चोवीस वर्षं तेच केलं. अशी मुलं घेऊन आईबाप यायचे. मी खुर्ची द्यायचो, चहा मागवायचो, आणि म्हणायचो, "इसके लिए कोई दूसरी व्यवस्था देखिए।" कागदावर कधीच नाही. किती मुलं, मोजली नाहीत. मोजण्याइतकी ती माझ्या शाळेत राहिलीच नाहीत.

तुझं दप्तराचं वाचलं आणि मग खण उघडला.

कागद मॅडमना दे. शाळा माझं खोटं पत्र पुढे करेल आणि म्हणेल, घरच्यांनी फसवलं. करू दे. सुनावणी लागली की तारीख कळव. मी येतो आणि सांगतो कोणी फसवलं.

भय्याकाका


चेरीताल
१५ एप्रिल २०२५

श्री. भय्यासाहेब यांस,

पाकीट मिळालं. आतले दोन्ही कागद वाचले.

चिरागजींचा कागद मॅडमकडे दिला. सुनावणी २९ एप्रिल, मंगळवार, सकाळी अकरा. यायचं तर या. स्टेशनवर घ्यायला कोणी येणार नाही.

सौमित्रची मी काल माफी मागितली. तो म्हणाला, "ठीक आहे." काल घरी जेवला. तुमचं पत्र त्याला वाचायला दिलं. वाचून झाल्यावर म्हणाला, "म्हातारा येऊन राहिला, हे चांगलं आहे." मी तसं म्हटलेलं नाही, हे लक्षात ठेवा.

मला तुमचा राग आला आहे आणि तो विनोदानं जाणार नाही. तेव्हा पुढच्या पत्रात विनोद करू नका. पुढचं पत्रच लिहू नका.

विनता


चेरीताल
१८ जून २०२५

ती. भय्याकाका,

तुम्ही खरंच लिहिलं नाहीत. तुम्ही माझं म्हणणं पहिल्यांदाच जसंच्या तसं ऐकलंत, त्यामुळे आता मलाच लिहावं लागतं आहे.

सुनावणी झाल्यावर तुम्ही पाणीसुद्धा न पिता नागपूरच्या बसमध्ये बसलात. शाळेनं समिधाला घ्यावं असा आदेश आला, तो योगेशदादाकडून तुम्हाला कळलाच. पण त्या खोलीत तुमच्यानंतर काय बोललं गेलं, त्यातलं तुम्हाला काही ऐकू आलं नाही, हे मी तुमच्या तोंडाकडे बघूनच ओळखलं होतं. तुमचा तो हक्क आहे, म्हणून सांगते.

शाळेच्या वकिलानं तुमचं पत्र वाचून दाखवलं. नॉर्मल, लाजाळू, सगळं. तुम्हाला कागद ओळखू आला, आणि कोणी काही विचारायच्या आत तुम्ही उभे राहिलात. "झूठ मैंने लिखा है। इसकी माँ ने तो सच ही बताया था। मैं हेडमास्टर था, मुझे ऐसी बातों की आदत है।" एवढं तर तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही ते इतक्या मोठ्यानं बोललात की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

मॅडम म्हणाल्या, "बैठ जाइए।" तुम्ही उभेच. त्या परत म्हणाल्या. तुम्ही उभेच. मग चिरागजी उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. ते म्हणाले, "मैडम, गुरुजी खुद ऐसे बच्चों को लौटाते थे। हमने अपनी आँखों से देखा है। तब तो कोई सुनवाई नहीं हुई।" आणि तुम्ही, काका, त्यांच्याकडे बघून मान हलवलीत आणि म्हणालात, "हाँ।" अगदी शांतपणे, दोनदा. सगळ्यांना वाटलं, तुम्ही कबूल केलंत. फक्त मला ठाऊक होतं की तुम्हाला एक शब्द ऐकू आला नव्हता. मॅडम म्हणाल्या, "तब नहीं हुई, आज हो रही है।" मग मी तुमचा हात धरून तुम्हाला खाली बसवलं.

मी हे सांगणार नव्हते. पण ऐकू आलं असतं तरी तुम्ही 'हाँ'च म्हणाला असता, असं मला आता वाटतं. त्या दिवशी मी तुमच्यावर रागावलेली होते आणि तुमचा मला अभिमान वाटत होता. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं.

आदेशानंतर शुभ्रांकुरचं जे पत्र आलं, ते काय वर्णू. 'समिधाचे आमच्या परिवारात स्वागत करताना आम्हाला अत्यंत हर्ष होत आहे.' लेखी हर्ष! परवा एक फोटोग्राफरही आला होता, नव्या माहितीपत्रकासाठी समिधाचा फोटो हवा म्हणे, भिंतीवरच्या त्या वाक्याखाली. हनुवटी वर करायला त्यानं हात लावला, तिनं तो बाजूला केला. फोटो राहिला. चिरागजी माझ्याशी बोलत नाहीत, पण नमस्कार करतात. वर्गात मदतीला मेघना नावाची एक नवी दीदी ठेवली आहे. तिला अजून फारसं काही येत नाही, पण समिधाशी ती समोर बसून बोलते, डोक्यावरून नाही. एवढ्यावर मी सध्या खूश आहे. पुढे भांडणं होतीलच, त्याची मी मनातून तयारी ठेवली आहे.

सोमवारी शाळा उघडली. सौमित्रनं अर्धी रजा टाकली, सासूबाई गुडघे धरत जिना उतरल्या. आम्ही चौघं चालत गेलो, सात मिनिटं. गेटशी खूप गर्दी, रडारड, पोरं आयांच्या पदराला लटकलेली. मी मनात सगळं घोकून ठेवलं होतं: ती थांबली तर काय म्हणायचं, कान झाकले तर काय करायचं, कोणी अडवलं तर कोणता कागद काढायचा. आदेशाची प्रत पर्समध्ये होती.

कोणी अडवलं नाही. ती गेटमधून आत गेली, मेघना दीदींचा हात धरून, आणि एकदासुद्धा वळून बघितलं नाही. सहा महिने मी त्या गेटशी भांडले, आणि ती जशी काही रोजच येते अशी गेली.

मग मी तिथे उभी राहून रडायला लागले. भर रस्त्यात, तोंडावर पदर धरून. सौमित्र बावचळला. गेटवरच्या चौकीदारानं मला खुर्ची दिली आणि म्हणाला, "अरे मैडम, चुप हो जाइए। पहले दिन सब मम्मियाँ रोती हैं।"

सब मम्मियाँ, काका. त्याला काही माहीत नव्हतं, त्यानं मला सगळ्यांमध्येच धरलं. मग मी त्याच्या खुर्चीवर बसून पोटभर रडून घेतलं.

तुमची,
विनता